गुडघ्यातले ‘वंगण’ खरोखर संपते का?

“डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले आहे असे सांगितले. म्हणून चालणे बंदच केले आहे. उरलेसुरले तरी टिकावे!”

गेल्या पंधरवड्यात हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या रुग्णांच्या तोंडून ऐकले. तिघेही साठीच्या पुढचे. तिघांच्याही मनात गुडघ्याचे चित्र एकच होते : बैलगाडीच्या आसासारखा एक सांधा, त्यात घातलेले वंगण आणि फिरून फिरून झिजलेले चाक. जितके कमी फिरवाल तितके जास्त दिवस टिकेल, हा त्यावरचा सरळ हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे. पण त्यासाठी मी रुग्णांना दोष देत नाही, कारण एके काळी मीही तोच सांगत असे. दवाखाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक बाई गुडघेदुखीसाठी आल्या. एक्स-रे पाहून मी त्यांना म्हणालो, “झीज झाली आहे. शक्य तितके कमी चाला, पायाला आराम द्या.” बाईंनी माझा शब्द अक्षरशः पाळला. दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा दोन्ही मुलांच्या खांद्यांवर हात टाकून. वजन वाढलेले, मांड्या बारीक झालेल्या, गुडघे आखडलेले. आजाराने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे माझ्या सल्ल्याने केले होते. त्यानंतर मी जुनी पुस्तके पुन्हा उघडली. त्या बाईंना जे सांगायला हवे होते, ते आज या स्तंभातून आपल्याला सांगत आहे.

हाडाच्या टोकावरची काच

आपल्या सांध्यात हाडावर हाड घासत नाही. प्रत्येक हाडाच्या टोकावर गुळगुळीत, चिवट आणि किंचित लवचिक असा एक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ‘कास्थी’ हा शब्द आपण वाचला असेल, तीच ही. मटणाच्या दुकानात बकऱ्याचा ताजा सांधा उघडलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हाडाच्या टोकावरची निळसर पांढरी, ओलसर चकाकी आठवेल. ती चकाकी म्हणजेच कूर्चा. तेच हाड दिवसभर उघड्यावर ठेवले तर ती आक्रसते, पिवळी पडते आणि कडक होते. कारण तिच्या वजनातला मोठा भाग, म्हणजे ६५ ते ८० टक्के, निव्वळ पाणी असते.

माणसाच्या बहुतेक मोठ्या सांध्यांत हा थर २ ते ४ मिलिमीटर जाड असतो. गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला तो सर्वांत जाड, ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही थोडा अधिक भरतो. एवढ्याशा थरावर साधे चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, आणि जिना उतरताना त्याहूनही जास्त. असे असूनही कूर्चेवर कूर्चा इतकी सहज सरकते की बर्फावर बर्फ घसरावा तसे तेथील घर्षण असते.

आता वंगणाविषयी. सांध्यात एक चिकट द्रव असतो हे खरे, पण निरोगी गुडघ्यात तो जेमतेम काही मिलिलिटर, म्हणजे चमचाभरसुद्धा नसतो. तो गाडीच्या तेलासारखा ‘संपत’ नाही. सांध्याचे आतले अस्तर तो सतत तयार करत असते. उलट गुडघा सुजतो तेव्हा हाच द्रव पातळ होऊन वाढलेला असतो. तेव्हा खरा प्रश्न वंगणाचा नाही, कूर्चेचा आहे.

ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चेचा काप पाहिला तेव्हा माझी निराशा झाली होती. यकृताचा काप पाहावा तर पेशींची गर्दी; मूत्रपिंडाचा पाहावा तर नळ्यांची नक्षी. येथे मात्र काचेसारखे एकसारखे मैदान आणि त्यात दूर दूर विखुरलेल्या एकट्यादुकट्या पेशी. माळरानावरच्या वस्त्यांसारख्या. प्रत्येक पेशी स्वतःच्या छोट्या खळगीत बसलेली. मोठ्या माणसाच्या कूर्चेत या पेशींचा वाटा आकारमानाने फक्त एक-दोन टक्के असतो. बाकी सारे त्या पेशींनी आपल्याभोवती विणलेले द्रव्य.

आणखी निरखून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. या कापात रक्तवाहिनी कोठेच दिसत नाही. मज्जातंतूही नाही. शरीरातील बहुतेक अवयवांना रक्त घरपोच मिळते. कूर्चेला ते मिळत नाही. तिच्या पेशी अत्यंत कमी प्राणवायूवर जगतात आणि त्यांचे अन्न सांध्यातल्या द्रवातून हळूहळू झिरपत येते. पाऊल टाकले की कूर्चा दबते आणि थोडे पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ती फुगते आणि पाणी आत ओढून घेते. या दाबण्या-सोडण्यातून आतला द्रव खेळता राहतो. जो सांधा हलतच नाही, त्यातल्या पेशींची उपासमार होते. अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडले, अशा रुग्णांच्या गुडघ्यांची मोजमापे झाली आहेत. त्यांच्या कूर्चेची जाडी पहिल्या एक-दोन वर्षांतच कमी झालेली आढळली. त्या गुडघ्यांवर भार पडत नव्हता, तरी ते बारीक झाले. ‘आराम दिला म्हणजे सांधा टिकतो’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार?

मज्जातंतू नसण्याचाही एक परिणाम आहे. कूर्चेला वेदना कळत नाही. झीज सुरू झाली तरी ती ओरडून सांगत नाही. गुडघा दुखू लागतो तो खालचे हाड, भोवतालचे अस्तर आणि आवरण यांना त्रास पोचल्यावर. म्हणून पहिल्या कळेच्या कितीतरी आधी बदल सुरू झालेले असतात.

सब्जाची पुरचुंडी

नव्वद किलोचा माणूस जिना उतरतो आणि दोन-तीन मिलिमीटरचा पाणीदार थर तो भार सोसतो, हे कसे?

यासाठी घरातलाच एक दाखला घ्या. सब्जाचे बी पाण्यात टाकले की प्रत्येक बी आपल्याभोवती पाणी धरून ठेवते आणि फुगते. आता कल्पना करा की हेच बी पातळ पण मजबूत कापडाच्या पुरचुंडीत घट्ट बांधून पाण्यात ठेवले. बी फुगू पाहते, कापड त्याला फुगू देत नाही. थोड्याच वेळात पुरचुंडी ताठ होते. बोटाने दाबली तर दबते, सोडली की पुन्हा ताठ.

कूर्चेत सब्जाच्या बीचे काम करणारे द्रव्य म्हणजे प्रोटिओग्लायकन. बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखी त्याची रचना असते. मधे प्रथिनाची दांडी आणि तिला चारी बाजूंनी चिकटलेले साखरेच्या जातीच्या रेणूंचे केस. या केसांतला मुख्य म्हणजे काँड्रॉइटिन सल्फेट. असे शेकडो ब्रश हायल्युरॉनिक आम्लाच्या लांब धाग्यावर ओवलेले असतात. या केसांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, सोडियमसारखे क्षार आपल्याकडे ओढतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी येते.

पुरचुंडीच्या कापडाचे काम करतात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. कूर्चेतले कोलॅजेन मुख्यत्वे ‘दुसऱ्या प्रकारचे’ असते. त्वचेत आणि हाडात असतो तो पहिला प्रकार. हे तंतू दोरासारखे आहेत : ओढले तर तुटत नाहीत, पण ढकलायला उपयोगाचे नाहीत. ढकलण्याचे काम पाणी करते, रोखून धरण्याचे काम तंतू करतात. दोघांपैकी एक जरी कमजोर झाला तरी पुरचुंडी सैल पडते.

थरांवर थर आणि भरतीची रेषा

साध्या रंगात काचेसारखी एकसंध दिसणारी कूर्चा खास प्रकाशात पाहिली की तिचे खरे स्वरूप उघड होते. १८९८ साली हुल्टक्रान्त्झ या स्वीडिश शरीररचनातज्ज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोल, निमुळते टोक शाईत बुडवून त्याने ते कूर्चेला टोचले. छिद्र गोल पडायला हवे होते. पडली ती लांबट चीर. शेजारी पुन्हा टोचले, चीर त्याच दिशेने. लाकूड शिरेच्या दिशेने फुटते तसेच हे. म्हणजे पृष्ठभागावर तंतूंना ठरावीक दिशा आहे. पुढे १९२५ साली बेनिंगहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने या तंतूंचा संपूर्ण आराखडा मांडला. तंतू खोल थरातून खांबासारखे सरळ वर चढतात, मधे वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होऊन पुन्हा खाली उतरतात. एखाद्या जुन्या वाड्यातल्या कमानींची ओळ डोळ्यांपुढे आणा.

त्यावरून कूर्चेचे थर असे सांगता येतात.

सर्वांत वरचा थर एकूण जाडीच्या १० ते २० टक्के. तंतू बारीक, दाट आणि पृष्ठभागाला समांतर, पेशी चपट्या. सरकताना होणारे ओढाताणीचे बळ हा थर पेलतो. पाणी येथे सर्वांत जास्त, प्रोटिओग्लायकन सर्वांत कमी.

मधला थर सर्वांत जाड. तंतू तिरपे, पेशी गोलसर.

खालचा थर सुमारे ३० टक्के. तंतू जाड आणि उभे. पेशीही एकावर एक रचलेल्या, नाण्यांच्या चळतीसारख्या. प्रोटिओग्लायकन येथे भरपूर.

त्याखाली सूक्ष्मदर्शकात एक नागमोडी, गडद रेघ दिसते. तिला भरतीरेषा म्हणतात. भरतीचे पाणी ओसरल्यावर वाळूवर जी रेघ राहते तशीच ती दिसते, म्हणून हे नाव. या रेषेच्या खाली चुनखडीचे क्षार साठलेली कडक कूर्चा आणि तिच्याखाली हाड. मऊ कूर्चा आणि टणक हाड यांना एकदम जोडले असते तर जोड उखडला असता. मधला हा थर दोघांतला सांधा राखतो.

ही कमानींची रचना आपण जन्मतः पूर्ण घेऊन येत नाही. मेंढीच्या कोकरांवर आणि घोड्याच्या शिंगरांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की जन्मावेळी ही रचना अपुरी असते आणि पिल्लू चालू-धावू लागल्यावर ती घडत जाते. कूर्चा घडते तीच मुळी भाराखाली.

उंदीर, माणूस आणि हत्ती

ही रचना फक्त आपली नाही. मांजर, कुत्रा, गाय, घोडा, सर्व सस्तन प्राण्यांच्या सांध्यांत हीच द्रव्ये आणि हीच मांडणी थोड्याफार फरकाने आढळते. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत प्राण्यांच्या गुडघ्यातली कूर्चा तपासली होती : एकूण ५८ जातींचे सस्तन प्राणी, २५ ग्रॅमच्या उंदरापासून ४,००० किलोच्या आफ्रिकी हत्तीपर्यंत. वजनात १ लाख ६० हजार पट फरक! पण कूर्चेची जाडी मात्र ०.०९ ते ३ मिलिमीटर एवढ्याच मर्यादेत राहिली. प्राणी मोठा होतो तशी हाडे वाढतात, परंतु कूर्चा त्या प्रमाणात जाड होत नाही. कोलॅजेन आणि प्रोटिओग्लायकन यांचे प्रमाणही प्राण्याच्या वजनावर अवलंबून नव्हते. प्राणी जितका मोठा तितकी पेशींची दाटी मात्र विरळ होती.

असे का? रक्तवाहिन्या नसलेल्या थराला पोषण झिरपूनच मिळते आणि झिरपण्याला मर्यादा असते, हे त्यामागचे एक कारण असावे. यातून आपल्यालाही बोध घेण्यासारखा आहे. आपले वजन वीस किलोने वाढले तर त्या भारासाठी कूर्चा काही वीस किलोची सोय करून देत नाही. आणि दुसरे असे की उंदराच्या केसाएवढ्या पातळ कूर्चेवर एखादे औषध लागू पडले, म्हणून ते माणसाच्या गुडघ्यावर लागू पडेलच असे नाही. ‘कूर्चा पुन्हा उगवली’ अशी बातमी वाचली की ती कोणाच्या गुडघ्यात उगवली ते आधी पाहावे.

हा आजारही आपल्या एकट्याचा नाही. उतारवयातले कुत्रे सकाळी उठताना आखडते, शर्यतीचा घोडा लंगडू लागतो, त्यामागे पुष्कळदा सांध्याची हीच झीज असते.

झीज कशी सुरू होते?

सॅफ्रानिन नावाचा एक लाल रंग प्रोटिओग्लायकनला चिकटतो. निरोगी कूर्चेचा काप त्यात रंगवला की लालभडक दिसतो. झीज सुरू झालेल्या कूर्चेत वरच्या भागातला लाल रंग फिका पडतो. पुरचुंडीतला सब्जा कमी होऊ लागला. त्याच सुमारास तंतूंचे जाळे ढिले होते, पाणी सुरुवातीला उलट वाढते आणि कूर्चा मऊ पडते. मग पृष्ठभाग जुन्या सुती कापडासारखा विसकटतो. त्याला भेगा पडतात, त्या खोल जातात. पेशी गडबडून एकेका खळगीत घोळक्याने वाढू लागतात. दुरुस्तीची ती धडपड असते. खालून रक्तवाहिन्या भरतीरेषा ओलांडून वर घुसतात. हाड घट्ट होते आणि कडांना टोके फुटतात. एक्स-रेमध्ये ही टोके आणि दोन हाडांतले कमी झालेले अंतर दिसते. कूर्चा स्वतः एक्स-रेत दिसत नाही.

दुरुस्ती का होत नाही? विल्यम हंटर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध मांडला. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. याचा पुरावा आपल्या काळात मिळाला. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि नंतर ते घटत गेले. त्याची खूण त्या त्या वर्षी बनलेल्या ऊतींत राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली या खुणेवरून गुडघ्यातल्या कोलॅजेनचे वय काढले. वाढीचे वय संपल्यावर ते जवळजवळ बदललेच जात नाही असे दिसले. म्हणजे आज आपण ज्या जाळ्यावर उभे आहोत, ते आपल्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत विणलेले आहे. प्रोटिओग्लायकन मात्र पेशी सावकाश का होईना, नव्याने तयार करत राहतात. सब्जा थोडाफार भरता येतो, कापड नवे मिळत नाही.

मग करावे काय?

पहिले, चाला. निरोगी आणि मध्यम झिजलेल्या गुडघ्याला चालण्याने इजा होत नाही, पोषण मिळते. एकदम तीन किलोमीटर नको. दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, सपाट रस्त्यावर, पायांत चांगल्या चपला किंवा बूट घालून सुरुवात करा. सायकल चालवणेही उत्तम. चालल्यानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले तर घाबरू नका. अधिक टिकले तर अंतर कमी करा, चालणे सोडू नका.

दुसरे, मांडीचे स्नायू सांभाळा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, मांडी आवळून पाच अंक मोजा आणि हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बळकट मांडी धक्क्याचा बराच वाटा स्वतः उचलते.

तिसरे, वजन. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार वजन एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसाच्या हजारो पावलांचा हिशेब आपणच करावा.

चौथे, जाहिरातींना भुलू नका. ग्लुकोसामीन आणि काँड्रॉइटिनच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा एकंदर रुग्णांत या गोळ्या दिखाऊ गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. कोलॅजेनची पूड पोटात गेली की अन्नातल्या इतर प्रथिनांसारखीच पचते. ती थेट गुडघ्यात जाऊन विणली जात नाही. आणि नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नका. ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते.

पाचवे, डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे? गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, मार लागल्यावर पायावर भार देता येईना, किंवा गुडघा मधेच अडकून बसला, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. फार पुढे गेलेल्या झिजेत सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आज अनेकांना पुन्हा चालते करते. पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

सुरुवातीला सांगितलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी माझी चूक कबूल केली. रोज अंगणात दहा पावले, मग वीस, असे सुरू केले. त्यांचे गुडघे नवे झाले नाहीत; होणारही नव्हते. पण पाच-सहा महिन्यांनी त्या एकट्या, काठी टेकत, पायऱ्या चढून दवाखान्यात आल्या आणि पुन्हा मशीनवर बसू लागल्याचे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून ‘पायाला आराम द्या’ हे शब्द मी फार विचार करून उच्चारतो.